ढुंडीची सौर मंडळी: डिझेल गेले, पाण्याचे काय?

गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या ठासरा तालुक्यात ढुंडी हे लहानसे गाव आहे. २०१६ मध्ये येथील सहा शेतकऱ्यांनी आपल्या सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि सिंचन करून उरलेली वीज सरकारी वीज कंपनीला विकण्यास सुरुवात केली. सौर सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यांची ही जगातील पहिली सहकारी संस्था मानली जाते. सहा शेतकरी आणि साठ किलोवॅटही न भरणारी क्षमता एवढ्या लहान आकाराच्या प्रयोगाची देशपातळीवर इतकी चर्चा व्हावी याचे कारण पॅनेलमध्ये शोधू गेल्यास सापडत नाही. सौर पंप त्याआधीही अनेक राज्यांत बसवले गेले होते. शेतकऱ्याने न उपसलेल्या पाण्यामागची वीज वाया न जाता तिचे पैसे त्याच्या हातात पडावेत, ही ढुंडीतील व्यवस्थेची खरी नवी बाजू होती. ती कितपत साधली आणि कुठे अडली, याचा हा अभ्यास आहे.

डिझेलचा काळ

खेडा आणि आणंद हे जिल्हे चरोतर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुपीक पट्ट्यात येतात. गाळाची जमीन, मही नदीच्या उजव्या कालव्याचे पाणी आणि त्या कालव्यामुळे सतत भरत राहणारे भूजल यांमुळे येथे पाणी फार खोल जात नाही. अडचण पाण्याची नव्हती, ते उचलण्यासाठी लागणाऱ्या शक्तीची होती. गुजरातमध्ये शेतीच्या वीजजोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी राहिली. ज्यांना जोडणी मिळाली त्यांना अत्यंत सवलतीची वीज मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही त्यांनी डिझेल इंजिनावर काम भागवले. ढुंडीतील बहुतेक शेतकरी दुसऱ्या गटात मोडत होते.

पाच अश्वशक्तीचे लहान इंजिन ताशी साधारण एक लिटर डिझेल पिते. मोठे किंवा जुने इंजिन त्याहून अधिक पिते. या डिझेलमधील ऊर्जेचा मोठा भाग धूर आणि उष्णता होऊन जातो, राहिलेल्यातील काही भाग पट्ट्यात आणि पंपात गळतो, आणि पाण्याला प्रत्यक्ष मिळते ती शक्ती मूळ इंधनाच्या एका लहानशा अंशाएवढी असते. जाळलेल्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा हिशेब वेगळाच. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर टप्प्याटप्प्याने वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाला. त्यानंतर या इंधनावर शेती करणाऱ्याला सरकारी दराचा आडोसा उरला नाही. सवलतीची वीज असलेला शेजारी आणि डिझेल जाळणारा शेतकरी यांच्या सिंचनखर्चातील अंतर एकाच शिवारात कित्येक पटींचे होते, आणि ज्याच्याकडे स्वतःचे इंजिन नव्हते असा अल्पभूधारक तर इंजिनवाल्याकडून तासावर किंवा बिघ्यावर पाणी विकत घेत असे. इंधनाच्या दरवाढीचा खरा भार त्याच्याच डोक्यावर पडत होता.

सौर पंपाची जुनी अडचण

डिझेलच्या जागी सौर पंप बसवला की प्रश्न सुटला, असे वरवर वाटते. इंधनाचा प्रश्न त्याने सुटतोही. मात्र पंप एकदा बसला की पुढच्या प्रत्येक तासाच्या उपशाचा खर्च जवळजवळ शून्य होतो. डिझेल इंजिन चालवणारा शेतकरी प्रत्येक तासाला खिशात हात घालतो, म्हणून पिकाला नेमके किती पाणी हवे याचा विचार तो आपोआप करतो. सौर पंपवाल्याला तसा विचार करण्याचे कारण उरत नाही. फुकट किंवा अश्वशक्तीवर ठरावीक दराने मिळणाऱ्या विजेने पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत भूजलाचे जे केले, तेच सूर्य करू लागेल, आणि तेही दिवसा, अखंड आणि कोणत्याही भारनियमनाशिवाय, अशी शंका जलतज्ज्ञांनी वेळीच उपस्थित केली होती.

दुसरी अडचण उलट्या बाजूची आहे. पिकाला वर्षातले काही महिनेच पाणी लागते. पावसाळ्यात, काढणीच्या दिवसांत किंवा शेत रिकामे असताना पॅनेलवर पडणारे ऊन तसेच वाया जाते. लाखो रुपयांचे यंत्र वर्षाचा मोठा भाग काहीही न करता उभे राहते, आणि त्या यंत्राच्या किमतीचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून आलेला असतो.

आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या आणंद येथील संशोधकांनी, आणि त्यांच्यात प्रामुख्याने तुषार शाह यांनी, या दोन्ही अडचणींवर एकच उपाय सुचवला. पंप वीजजाळ्याला जोडावा आणि शेतकऱ्याची उरलेली वीज हमीभावाने विकत घ्यावी. वीज हे शेतकऱ्याचे एक पीक समजले जावे, ज्याला ना बी लागते ना खत, ना अवकाळीची भीती असते. २०१५ मध्ये आणंद जिल्ह्यातील थामणा या गावात एका शेतकऱ्यापुरता हा प्रयोग झाला आणि त्याच्या विजेला युनिटमागे ५ रुपये देण्यात आले. कल्पना चालते हे त्यातून दिसले. पण एकट्या शेतकऱ्याशी वीज कंपनीने करार करावा, मीटर बसवावा, वाचन घ्यावे आणि दरमहा पैसे द्यावेत, ही गोष्ट लाखो पंपांच्या बाबतीत कोणत्याही कंपनीला झेपणारी नव्हती.

मंडळीची रचना

खेडा जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर सुचणे स्वाभाविक होते. १९४६ पासून येथे घरोघरचे दूध गावच्या मंडळीत जमा होते आणि डेअरीचा व्यवहार मंडळीशी होतो. ढुंडीत विजेच्या बाबतीत तेच करण्यात आले. सहा शेतकऱ्यांचे पंप, त्यांपैकी तीन ८ किलोवॅटचे आणि तीन १०.८ किलोवॅटचे, मिळून ५६.४ किलोवॅट क्षमतेचे, एका छोट्या तारजाळ्याने एकमेकांना जोडले गेले आणि ते जाळे एकाच ठिकाणी मध्य गुजरात वीज कंपनीच्या वाहिनीला जोडले गेले. कंपनी त्या एका मीटरचे वाचन करते आणि मंडळीला पैसे देते. आतल्या प्रत्येक सभासदाच्या मीटरवरून वाटणी मंडळी करते. त्यामुळे वीज कंपनीचा करार आणि वाचनाचा खर्च सहा भागांत वाटला गेला, आणि एखाद्याने मीटरशी खेळ केल्यास तोटा शेजाऱ्यांचाच होणार असल्यामुळे देखरेखीचे कामही गावाकडेच गेले.

कंपनीने २५ वर्षांसाठी युनिटला ४.६३ रुपये दराने वीज खरेदी करण्याचा करार केला. त्यात एक अट होती, आणि या प्रकरणातील ती सर्वांत दुर्लक्षित बाब आहे असे मला वाटते: या सभासदांनी २५ वर्षे सवलतीच्या शेतीजोडणीचा हक्क सोडला. कंपनीच्या बाजूने पाहिले तर एक अशा ग्राहकाचे दायित्व टळले, ज्याला प्रत्येक युनिट तोट्यात द्यावे लागले असते; शिवाय अपारंपरिक ऊर्जा खरेदीचे जे बंधन वीज कंपन्यांवर असते, त्यात ही वीज मोजता आली. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर जी जोडणी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, तिच्या बदल्यात त्याने हातात येणारे उत्पन्न घेतले.

वीज कंपनीच्या दरावर संशोधन संस्थेने दोन जादा रकमा दिल्या: हरित ऊर्जेसाठी १.२५ रुपये आणि भूजल वाचवण्यासाठी १.२५ रुपये. अशा रीतीने सुरुवातीच्या काळात शेतकऱ्याच्या हाती युनिटमागे ७.१३ रुपये पडत होते. भांडवली खर्चाचा बहुतांश भागही संशोधन प्रकल्पाने उचलला होता. पहिल्या सहा जणांनी किलोवॅटमागे फक्त ५,००० रुपये भरले. पुढे जे तीन शेतकरी सामील झाले त्यांनी मात्र किलोवॅटमागे २५,००० रुपये देण्याची तयारी दाखवली. ही पाचपट वाढ मला ढुंडीविषयीच्या कोणत्याही गौरवपर मजकुरापेक्षा अधिक बोलकी वाटते, कारण शेजाऱ्याच्या बांधावर चाललेला व्यवहार पाहून केलेली ती गुंतवणूक होती.

हिशेबाच्या दोन बाजू

या भागात एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. त्या हिशेबाने मूळ ५६.४ किलोवॅटमधून वर्षाला ८० हजार युनिटच्या आसपास वीज निर्माण होऊ शकते. ती सगळीच्या सगळी विकली असे क्षणभर धरले, तर ४.६३ रुपये दराने मंडळीला पावणेचार लाख आणि ७.१३ रुपये दराने पावणेसहा लाख रुपये मिळतील. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी सरासरी साठ हजार ते पंचाण्णव हजार. प्रत्यक्षात सिंचनाची वीज यातून वजा होते. पॅनेलसाठी लागणारी जागा किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर, म्हणजे सर्वांत मोठ्या संचालाही गुंठ्याहून थोडीच अधिक. तेवढ्या जमिनीतून एवढे उत्पन्न देणारे दुसरे पीक चरोतरात नाही, तंबाखूसुद्धा नाही.

आता त्याच विजेचा दुसरा उपयोग पाहावा. साडेसात अश्वशक्तीचा पंप तासाला सहा ते सात युनिट वीज घेतो. ४.६३ रुपये दराने त्या तासाच्या विजेची किंमत तीस रुपयांच्या आसपास, ७.१३ रुपये दराने पंचेचाळीसच्या आसपास होते. तेवढेच पाणी डिझेलने उपसायचे तर लिटरभराहून अधिक इंधन लागते. २०१६ च्या सुमारास डिझेलचा दर लिटरला पन्नास ते साठ रुपये होता, आणि त्यावर इंजिनमालकाचे भाडे, तेलपाणी, दुरुस्ती हे सगळे वेगळे. म्हणजे सौर पंपवाल्याने शेजाऱ्याला डिझेलवाल्याहून स्वस्त पाणी दिले, तरी जाळ्यात वीज सोडण्यापेक्षा त्याच्या हाती अधिक पैसे पडू शकत होते.

ढुंडीत नेमके हेच दिसू लागले. सभासदांनी वीज विकली, तसेच पाणीही विकले, आणि पाण्याचा भाव डिझेलच्या पाण्यापेक्षा बराच कमी ठेवला. ज्यांच्याकडे पंप नव्हता अशा शेजाऱ्यांना त्याचा थेट लाभ झाला आणि आजूबाजूची काही इंजिने बंद पडली. इंधनबदलाच्या दृष्टीने पाहिले तर प्रयोगाचे हे मोठेच यश आहे, कारण सहा सभासदांच्या पलीकडचे डिझेलही त्यातून वाचले. परंतु संशोधन संस्थेने १.२५ रुपये जे भूजल वाचवण्यासाठी म्हणून दिले होते, त्या उद्देशाशी हे सरळ विसंगत होते. या प्रयोगावर झालेली टीका मुख्यत्वे याच मुद्द्यावर होती: विजेचा भाव हा उपशावरचा लगाम ठरेल असे गृहीत धरले गेले, पण पाण्याचा बाजार विजेच्या बाजारापेक्षा अधिक भाव देत असेल तर तो लगाम सैल पडतो.

माझ्या मते ही टीका बरोबर आहे, मात्र ती ढुंडीवर जेवढी लागू होते त्याहून अधिक ती इतर प्रदेशांवर लागू होते. मही कालव्याच्या लाभक्षेत्रात थोडा जास्त उपसा झाला तरी कालव्याच्या झिरप्याने तो बऱ्याच अंशी भरून निघतो, आणि विकत घेतलेले स्वस्त पाणी गरीब शेतकऱ्याच्या पिकाला मिळते. हीच रचना जशीच्या तशी उत्तर गुजरातमधील मेहसाण्यात किंवा आपल्याकडील कठीण खडकाच्या प्रदेशात नेली, तर चित्र वेगळे असेल. मराठवाड्यातील बेसॉल्टमध्ये पाणी साठण्याची जागाच मर्यादित असते, आणि तिथे एका विहिरीतून विकलेले पाणी हे शेजारच्या विहिरीतून ओढलेले पाणी असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून वीज खरेदीचा दर ठरवताना पॅनेलच्या खर्चाइतकेच त्या शिवारातील पाण्याच्या विक्रीदराकडे पाहणे आवश्यक आहे. हा दर एकाच राज्यात सर्वत्र सारखा ठेवणे प्रशासनाला सोयीचे असले, तरी भूजलाच्या दृष्टीने ते चुकीचे ठरते.

तांत्रिक बाजूची एक अडचण येथेच नोंदवणे योग्य होईल. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज जाळ्याला चालेल अशा विजेत बदलणारे यंत्र, वाहिनीत वीज नसेल तेव्हा सुरक्षिततेसाठी आपोआप बंद होतो, अन्यथा दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे ग्रामीण वाहिनी जितका वेळ बंद राहील तितका वेळ शेतकऱ्याची विक्रीही बंद राहते. विजेचे पीक अवकाळीपासून सुरक्षित असले, तरी वाहिनीच्या बिघाडापासून ते सुरक्षित नाही.

पंपाची कार्यक्षमता

इंधन बदलण्याची चर्चा करताना पंप स्वतः किती वीज खातो याकडे सहसा दुर्लक्ष होते. वीज अश्वशक्तीवर ठरावीक दराने किंवा मोफत मिळते तेव्हा शेतकरी जाड तारेचा, कमी-जास्त दाबात न जळणारा, गावातच रिवाइंडिंग करून मिळणारा पंप पसंत करतो. त्याची कार्यक्षमता कमी असली तरी त्याच्या खिशाला त्याची झळ बसत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने शेतीपंप बदलण्याचा आपला पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागात हाती घेतला, तेव्हा जुने पंप काढून तारांकित कार्यक्षम पंप बसवल्यास विजेची मोठी बचत होते हे तांत्रिकदृष्ट्या दिसून आले. पण वाचलेली वीज वीज कंपनीची होती. शेतकऱ्याला त्यातून एक रुपयाही मिळत नव्हता, आणि म्हणून तो पंप पुढे नीट सांभाळण्याचे किंवा बिघडल्यावर तशाच पंपाने बदलण्याचे त्याला कारणही नव्हते.

ढुंडीच्या रचनेत हे गणित बदलते. ज्याचा पंप तासाला दोन युनिट कमी खातो, त्याची ती दोन युनिट जाळ्यात जातात आणि त्यांचे पैसे त्याला मिळतात. फुटव्हॉल्व्ह (विहिरीतील नळीच्या तळाची झडप) गळका असेल, पाइप अकारण अरुंद किंवा वाकडातिकडा असेल, तर त्याचे नुकसान दरमहा मंडळीच्या वाटणीत आकड्याने दिसते. ठिबकाचा संच बसवण्याचाही तसाच फायदा आहे, कारण कमी पाणी म्हणजे कमी तास. अर्थात पाणी विकूनच अधिक पैसे मिळत असतील, तर वाचलेला तास शेजाऱ्याच्या शेतात जाईल, आणि आपण मघाच्याच प्रश्नावर परत येतो.

धोरणात काय उतरले

ढुंडीनंतर लगेचच आणंद जिल्ह्यातील मुजकुवा येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने ११ शेतकऱ्यांची अशीच मंडळी उभी राहिली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी गुजरात सरकारने सूर्यशक्ती किसान योजना जाहीर केली. त्यात पहिली सात वर्षे शेतकऱ्याला युनिटमागे ७ रुपये, त्यातले निम्मे वीज कंपनीकडून आणि निम्मे राज्य सरकारकडून, आणि पुढील १८ वर्षे ३.५० रुपये अशी रचना होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने शेतीतील सौर ऊर्जेसाठीच्या पीएम-कुसुम योजनेला मंजुरी दिली. तिच्या तीन भागांपैकी जाळ्याला जोडलेल्या पंपांचा तिसरा भाग हा विचाराने ढुंडीच्या सर्वांत जवळचा होता.

परंतु अंमलबजावणीत सर्वाधिक गती या भागाला मिळाली नाही. प्रत्येक पंपाला मीटर, प्रत्येक शेतकऱ्याशी करार आणि दरमहा पैसे चुकते करण्याची व्यवस्था, हे काम वीज कंपन्यांना नकोसे वाटले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने संपूर्ण फीडरलाच, म्हणजे अनेक पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, सौर प्रकल्पाची वीज देण्याचा पर्याय कुसुममध्ये समाविष्ट केला आणि अनेक राज्यांनी तोच मार्ग धरला. गंमत अशी की एकेका पंपाच्या व्यवहाराचा हाच त्रास टाळण्यासाठी ढुंडीत मंडळी केली होती, आणि धोरण वरून खाली आले तेव्हा वाटेत मंडळीच गळाली.

महाराष्ट्राने हा मार्ग कुसुमच्याही आधी, २०१७ मध्ये, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून धरला होता आणि राळेगणसिद्धी हे त्यातील पहिल्या पथदर्शी गावांपैकी एक होते. २०२३ पासून या योजनेचा दुसरा टप्पा फार मोठ्या प्रमाणावर राबवला जात आहे. रात्री-अपरात्री साप आणि बिबट्याच्या भीतीत दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही त्यातून होणारी खरी आणि मोठी सोय आहे, आणि स्वस्त सौर वीज मिळाल्याने महावितरणचा खरेदीखर्चही कमी होतो. मात्र एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत झाल्यामुळे या वाहिनीवरील शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक युनिटची किंमत शून्य आहे. इंधन कोळशाचे जाऊन सूर्याचे झाले. पंप किती तास चालवावा याविषयीचा त्याचा विचार बदलण्याचे कारण निर्माण झाले नाही.

दुसरीकडे ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के, वाटा भरून ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा स्वतंत्र पंप घेतो. तो जाळ्याला जोडलेला नसतो. पाच अश्वशक्तीच्या पंपासोबत येणारी सुमारे पाच किलोवॅटची पॅनेल ढुंडीच्याच हिशेबाने वर्षाला सात हजार युनिटपर्यंत वीज देऊ शकतात. कापूस-तुरीच्या शेतात त्यातली किती प्रत्यक्ष लागते हे विदर्भातील कोणताही शेतकरी सांगू शकेल. काही कंत्राटदार पंपासोबत पिठाची गिरणी किंवा कडबाकुट्टी चालवता येईल असा नियंत्रक देतात आणि तेवढाच थोडा उपयोग होतो. या पंपांचे गावनिहाय गट करून एकाच मीटरवर ते जवळच्या वाहिनीला जोडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, कारण ढुंडीत तेच झाले. त्यासाठी युनिटला दर ठरवावा लागेल, आणि मोफत विजेच्या शेजारी असा दर ठरवताना जोडणीवाल्या शेतकऱ्याला काय सांगायचे हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहील.